वन्संची वीस मिनिटं

५ मार्च, रविवार

राजधानीत येऊन सहा तास झाले आणि एवढ्यात माझ्यावर अन्याय झालेला आहे. पुढेमागे कुणी या प्रवासाचा इतिहास लिहायला घेतलाच, तर त्यात माझी बाजू असावी म्हणून ती आधी नोंदवते.

लॉजच्या पलंगावरच्या पांघरुणाच्या तीन कडा गादीखाली खोचलेल्या आहेत. नुसत्या खोचलेल्या नाहीत, तंबू ठोकावा तशा ठोकलेल्या आहेत. दुपारी जरा पाठ टेकावी म्हणून मी उशीकडून आत शिरले, ती पाकिटात पत्र सरकावं तशी थेट तळाला गेले. कूस बदलता येईना, गुडघा वर करता येईना. वर पत्ता लिहून तिकीट डकवायचं तेवढं राहिलं होतं. कड ओढून काढायला गेले तर नख तुटलं. खाली फोन लावला. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ती आमची पद्धत आहे." स्टेशनापासून लॉजपर्यंत हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकत होते.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मग पाय बाहेर काढून झोप." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण तक्रार आणि अडचण यांतला फरक या माणसाला अजून कळलेला नाही. अडचण सोडवायची असते. तक्रार ऐकून घ्यायची असते.

आम्ही तिघं आलोय. हे, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, वय साठ, मागच्याच महिन्यात हवामान खात्यातून निवृत्त झाल्या. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ठरल्या वेळी फुग्यात गॅस भरायचा, त्याला यंत्राची डबी टांगायची, अंगणात जाऊन फुगा सोडायचा आणि दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत आकडे लिहायचे. रजा आणि सुट्ट्या वजा जाता साडेनऊ हजार फुगे, असा हिशेब त्यांनीच एकदा सांगितला होता. निरोपसमारंभात ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि साहेबांनी विचारलं, "आता काय करायची इच्छा आहे?" बाकी लोक अशा वेळी नातवंडं म्हणतात, देवदर्शन म्हणतात. वन्सं म्हणाल्या, "एकदा फुग्यातून वर जायचंय."

साहेब हसले. सगळे हसले. मीही हसले आणि पेपरातल्या माझ्या पुढच्या आठवड्याच्या सदरासाठी मनातल्या मनात एक वाक्य बाजूला ठेवलं. यांनी मात्र गुपचूप चौकशी केली. राजधानीबाहेर नदीकाठच्या मैदानावरून सकाळी गरम हवेचा फुगा उडतो. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळ आमच्या नावावर, वारा देईल त्या दिवशी जायचं. शनिवारी सकाळी परतीची गाडी.

मीही जाणार आहे. उंचीची मला भीती वगैरे नाही. उंचीवर माझं काही काम निघत नाही, एवढंच.

६ मार्च, सोमवार

पहाटे साडेपाचला मैदानावर. आमच्यासोबत एका विमा कंपनीच्या शाखेची सहल आहे. शाखाधिकारी आणि चार जण, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. बरोबर आठ माणसं.

फुगा चालवणाऱ्या बाई आहेत. चाळिशीच्या, घोगरा आवाज, आणि डाव्या भुवईचा अर्धा भाग बर्नरने कधीतरी खाल्लेला. कुठल्याही प्रस्तावनेशिवाय म्हणाल्या, "काट्यावर उभे राहा एकेक. जोडे काढू नका."

वजन! चारचौघांत! एखाद्या बाईने मला वय विचारलं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं. पण काट्यावर चढले आणि काय सांगू, चौसष्ट! घरून निघताना अडुसष्ट होते. एका दिवसात चार किलो. राजधानीबद्दल मी काल जे काही लिहिलं, त्यातलं निम्मं मागे घेते.

हे काट्याकडे बघत उभे. यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. भाजीवाल्याच्या तराजूकडेही हे असे बघतात, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपल्याला काहीतरी गंभीर झालंय.

"कमी दाखवतोय हा," हे माझ्या कानात म्हणाले.

"खबरदार त्याला काही म्हणालात तर," मी म्हटलं.

मग पायलटबाईंनी मुठीएवढा लाल फुगा वर सोडला. वरचा वारा कुठे जातो ते बघायची ही रीत. त्यांनी पाचदहा सेकंद बघितलं. वन्संनी मान वर केली आणि ती खाली आणलीच नाही. आम्ही चहा घेतला, विमावाल्यांनी फोटो काढले, तरी वन्सं आपल्या तशाच.

"वन्सं, काय दिसतंय?"

"फुगा."

"अजून?"

"अजून. झाडांच्या वर गेल्यावर उजवीकडे ओढला गेला. वरचा वारा ताशी पंचविसाच्या पुढे आहे. आज नाही उडवणार या."

दोन मिनिटांनी पायलटबाई आल्या. "आजचं रद्द. वर वारा फार आहे."

मी जरा जास्तच मोठ्याने "अरेरे" म्हणाले. वन्संनी माझ्याकडे एकदा बघितलं. मफलर नीट केला आणि जीपकडे चालू लागल्या.

परतल्यावर पांघरुणाखाली न शिरता वरच झोपले. छान झोप लागली.

७ मार्च, मंगळवार

आजही रद्द. लॉजच्या दारातच वन्संनी एक बोट वर केलं, "नाही," म्हणाल्या, आणि परत वर जाऊन झोपल्या. आम्ही दोघं मैदानावर गेलो, पायलटबाईंनीही तेच सांगितलं. खात्यातल्या अंदाजांवर मी अठरा वर्षं टिंगलीचे लेख लिहिले. वन्संना एकदाही चुकताना पाहिलं नाही, हे कुठे लिहू?

दिवसा राजधानी बघितली. राजधानीत पुतळे भरपूर. सगळे एक हात पुढे करून उभे, जणू रिक्षाच थांबवतायत. एकाही पुतळ्याने दोन्ही हात खिशात घातलेले नाहीत. मला तसा एखादा भेटला असता तर मी फुलं वाहिली असती.

मग घड्याळाचा मनोरा. तीनशे बारा पायऱ्या. हे आणि वन्सं वर गेले, वन्सं तर दुखऱ्या गुडघ्यासकट. मी खाली थांबले. पिशव्या होत्या, कुणीतरी सांभाळायला हव्या होत्या.

"पिशव्या वर नेता येतात," तिकीटवाला म्हणाला.

"माझ्या नाहीत येत," मी म्हटलं.

वन्सं उतरल्या तेव्हा दम लागला होता, पण चेहरा उजळलेला. "वरून नदी दिसते," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "कठडा चांगला छातीपर्यंत आहे गं. तुला त्रास झाला नसता."

मला कसला त्रास? मी पिशव्या सांभाळत होते.

९ मार्च, गुरुवार

कालही वारा. काल आम्ही फक्त मोजे विकत घेतले, म्हणून लिहिलं नाही.

आज वारा पडला तर धुकं आलं. मैदानावर दीड तास वाट बघत बसलो. नदी दिसेना, फुग्याची गाडी दिसेना, विमावाल्यांच्या टोप्या तेवढ्या पांढऱ्यात तरंगत होत्या. वन्सं घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गेले तीन दिवस त्या "उद्या" म्हणायच्या. आज तेही म्हणाल्या नाहीत. उद्या शेवटचा दिवस.

"पुढच्या वर्षी येऊ की परत," मी म्हटलं.

"गुडघा पुढच्या वर्षीसाठी थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "बास्केटला पायरी नसते. पाय टाकून चढावं लागतं. मी घरी पलंगाच्या काठावर करून बघितलं. सध्या जमतंय."

साठ वर्षांची बाई बंद खोलीत पलंगाच्या काठावर पाय टाकून बघतेय. माझ्यातल्या सदर लिहिणारीने लगेच पेन उघडलं. मी ते बंद केलं. का ते माहीत नाही. धुक्यात हात गारठले असतील.

या सगळ्यात हे अर्धा तास गायब. परतले ते दोन्ही गुडघ्यांना माती, खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर डोकावतोय, आणि चेहऱ्यावर अनाथ पोराची फी भरून आल्याचं समाधान.

"कुठे होता?"

"पाण्याचा कॅन भरला जरा."

"आणि?"

"आणि काही नाही. दहा लिटर पाणी दहा किलोच भरायला हवं ना? तेवढंच बघितलं."

या माणसाला प्रश्न विचारला की प्रश्नाचं वजन मिळतं, उत्तर नाही.

दुपारी संग्रहालय. पहिल्या मजल्यावर जुन्या तराजूंचं दालन आहे. यांना तिथे सोडून आम्ही दोघींनी बाकीचे अकरा विभाग पाहिले, चहा घेतला, परत आलो, तर हे त्याच कपाटापुढे. वन्सं म्हणाल्या, "लहानपणीही असाच. खेळण्यांच्या दुकानात नेलं, तर दुकानदाराच्या काट्याशी खेळत बसला होता."

१० मार्च, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय.

पहाटे दारात वन्संनी बोट वर केलं. बराच वेळ वर ठेवलं. मग म्हणाल्या, "चला." एवढंच. मी मोजे बदलायला परत वर गेले. नवे होते, टोचत होते.

मैदानावर सगळं स्वच्छ. फुगा गवतावर आडवा पसरलेला, पंख्याची हवा भरून हळूहळू कूस बदलत होता. पुन्हा वजनं. मी ऐटीत काट्यावर चढले. अडुसष्ट! गेलेले चारही किलो परत आले होते. शाखाधिकारी उतरला तो पोटावर हात ठेवूनच. "काल दोनदा जेवलो खरा," असं स्वतःशीच पुटपुटला.

पायलटबाईंनी वहीत बेरीज केली, पुन्हा केली, आणि अर्धी भुवई वर चढवली. "सोमवारी सगळे बसत होतात. आज बत्तीस किलो जास्त. चार दिवसांत माणशी चार किलो? या शहरात तुम्ही करताय तरी काय, नुसतं खाताय?"

विम्याच्या पाचही जणांनी खाली बघितलं.

"एकजण कमी करावा लागेल," त्या म्हणाल्या. "माफ करा. यात तडजोड नाही."

शाखाधिकारी म्हणाला, आम्ही पाच जण एक ग्रुप आहोत. म्हणजे आमच्यातलाच एक. पायलटबाईंची नजर वन्संच्या गुडघ्यावर गेली. त्या वाईट बाई नाहीत. मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, उतरताना बास्केट आपटते. गुडघे वाकवून धरावे लागतात. तुम्हाला झेपेल का?"

वन्सं बास्केटपाशी उभ्या होत्या, एक हात तिच्या काठावर. वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त हात काढून घेतला.

"ठीक आहे," म्हणाल्या. "मी खालून बघते. खालून बघायची सवय आहे मला."

या घरात येऊन सत्तावीस वर्षं झाली. या बाईंना मी रडताना पाहिलेलं नाही, चिडलेलंही फारसं नाही. आजही डोळ्यांत काही नव्हतं. मफलर सोडून त्याची घडी घालायला लागल्या तेवढ्या. आधी अर्धी, मग पाव.

"मी राहते," मी ओरडले. इतक्या जोरात, की फुगा धरणारे दोघे वळले. "मीच राहते खाली. मला काय, मी पुढच्या वेळी. वन्सं, चढा तुम्ही. चढा म्हणते ना!"

किती उदात्त वाटलं म्हणून सांगू! त्यागाने माणूस हलका होतो हे मी ऐकून होते, इतक्या तातडीने होतो हे माहीत नव्हतं. मी खुर्चीकडे निघालेसुद्धा.

"एक मिनिट," हे म्हणाले.

यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तो काटा... शेकडा पाच-सहा कमी दाखवत होता. म्हणून काल मी... दुरुस्त केला."

पायलटबाईंनी वही मिटली.

"कुणाला विचारून?" पायलटबाई.

"विचारलं नाही. बघवेना."

"अहो, कमी दाखवतो हे मला माहीत आहे!" त्यांचा घोगरा आवाज फाटला. "दोन वर्षं माहीत आहे! मुद्दाम ठेवलाय तसा. लोक खुशीत चढतात. मी वहीत माणशी चार किलो वाढवून धरते. आजही वाढवले!"

वही पुन्हा उघडली. माणशी चार वजा. आठही जण बसत होते, अगदी सोमवारसारखे. आणि गुडघ्याबद्दल वन्संनी तोंडी उत्तर दिलं नाही. काठावर हात ठेवला, पाय टाकला आणि बास्केटमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. पलंगावरची तालीम कामाला आली.

"अगं, तूही येऊ शकतेस!" हे आनंदाने ओरडले. "जागा झाली!"

माझ्या आयुष्यातला एकमेव त्याग, आणि तो या माणसाने चार मिनिटांत परत आणून दिला.

वर जातानाचं लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण मी खाली बसले होते. बास्केटच्या तळाशी, गॅसच्या टाक्यांना पाठ लावून, डोळे मिटून. वर बर्नर फुत्कारत होता, विमावाले "तो बघा मनोरा!" करत होते. हे दोनदा म्हणाले, "ऊठ, काही होत नाही." मग माझ्या हातात कुणाचातरी हात आला. कोरडा, खरखरीत.

"डोळे उघडू नकोस," वन्सं म्हणाल्या. "ऐक नुसतं. नोकरीला तिसरं वर्ष होतं. एक दिवस गाठ सुटली आणि डबी न लावताच फुगा हातातून गेला. दुसरा भरायला वेळ नव्हता. साहेब आकड्यांची वाट बघतायत. मग मी काय केलं माहीत आहे?"

मी मान हलवली.

"आकडे बनवले. कालचे, परवाचे बघून, थोडे इकडेतिकडे करून. एका अख्ख्या दिवसाचा वारा मी टेबलावर बसून तयार केला."

"वन्सं!"

"एकतीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा सांगतेय."

"कुणाला कळलं नाही?"

"कसं कळणार? त्या महिन्यात तेवढ्या एकाच दिवशी अंदाज बरोबर आला."

मला हसू फुटलं. असं फुटलं की डोळे उघडले, आणि वन्संचा चेहरा दिसला. वाकून माझ्याकडे बघणारा. त्यांच्या मागे सगळीकडे आभाळ होतं आणि त्यांची त्याच्याकडे पाठ होती. मी त्यांच्या हाताला धरून उठले. खाली नदी होती, घरांच्या छपरांवर लहान लहान टाक्या होत्या, आणि आमची सावली शेतांवरून सावकाश चालली होती. बरं होतं. वर वारा लागत नाही, कारण आपणच वाऱ्यासोबत जात असतो, असं वन्संनी सांगितलं. मी शाखाधिकाऱ्याला वेळ विचारली. वर येऊन वीस मिनिटं झाली होती. सगळं उड्डाण चाळीस मिनिटांचं.

म्हणजे साडेनऊ हजार फुगे सोडणाऱ्या बाईंना मिळालेल्या वेळातला निम्मा मी बसल्याजागी खाल्ला होता.

उरलेल्या वेळात वन्सं पायलटबाईंशी बोलत होत्या. "अजून शंभरेक मीटर वर गेलात तर डावीकडे वळेल." बाई वर गेल्या. फुगा डावीकडे वळला. बाईंनी त्यांच्याकडे नीट वळून बघितलं.

कापणी झालेल्या शेतात उतरलो. बास्केट आपटली, मी किंचाळले, वन्संचा गुडघा शाबूत. फुग्याची घडी घालताना पायलटबाई म्हणाल्या, "मावशी, उद्या माझ्याकडे एक जागा रिकामी आहे. वाऱ्याची जाण असलेलं माणूस शेजारी असलं तर मला हवंच असतं. पैसे नकोत. याल?"

वन्संचं तोंड उघडलं आणि मिटलं. "उद्या सकाळी गाडी आहे आमची," म्हणाल्या. "झालं ना एकदा. पुष्कळ झालं."

दुपारी मी साबण आणायला जाते म्हणून बाहेर पडले. स्टेशनवर तिकीट बदलून घ्यायच्या रांगेत एक तास चाळीस मिनिटं उभी होते. खिडकीत पोचल्यावर तो जेवायला गेला. ती त्यांची पद्धत आहे.

संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितलं, "आपल्याला एक दिवस थांबावं लागेल. उद्या मला इथे संपादकांना भेटायचंय."

"तुझे संपादक तर तिकडे आपल्या..." हे म्हणाले आणि कळवळले. टेबलाखाली माझी टाच जरा जास्तच जोरात बसली असावी.

वन्संनी कप खाली ठेवला. "किती वाजता भेटायचंय?"

"दुपारी. सकाळ मोकळी आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "बरं हो, लेखिकाबाई."

११ मार्च, शनिवार

सहाला मैदानावर. यांना काट्यापासून दहा पावलं लांब उभं राहायची तंबी आहे. पायलटबाईंनी गवतावर चुन्याची रेघच मारली होती.

"तू येत नाहीस?" वन्संनी विचारलं.

"काल झालं की माझं."

फुगा उभा राहिला की उडेपर्यंत बास्केट दाबून धरायला माणसं लागतात. आज एक माणूस कमी होता, म्हणून मीही काठावर दोन्ही हातांनी भार दिला. अडुसष्ट किलोंचा प्रथमच कुणाला उपयोग झाला. माझ्या हातांपासून वीतभर अंतरावर वन्संचा हात होता. बर्नर दोनदा पेटला, काठ हातांखाली हलका व्हायला लागला.

"सोडा," पायलटबाई म्हणाल्या.

मी सोडलं.

फुगा झाडांच्या वर गेला, नदीकडे वळला. वन्संची पाठ दिसत होती, मग मफलर, मग नुसता एक ठिपका काठाशी. आम्ही दोघं मान वर करून उभे. त्यांनी खाली बघितलं नाही. एकदाही नाही.

"बघ, ताईने हातसुद्धा केला नाही," हे म्हणाले.

"नकोच होता," मी म्हटलं.